अर्धा किलो

ग्युम्रीत बाजारामागे काळ्या दगडाचा एक हॉल आहे.
जानेवारीत आतला बार असा गार, की तळहात चिकटतो.
वार्दगेस वस्ताद आधी तो शेगडीपाशी आडवा ठेवायचे,
मग आम्हाला अंग तापवायला लावायचे.
"लोखंडालाही ऊब लागते. तुम्ही तर मांसाचे."

पहिला महिनाभर मला नुसती काठी,
फावड्याचा दांडा, रंग उडालेला.
शेजारी पार्गेव पन्नास किलो फेकत होता
आणि मी, सोळा वर्षांची, दांडा डोक्यावर धरून
भार टाचांवर कसा ठेवायचा एवढंच शिकत होते.
रडले एकदा.
"नाझेली, वजन कुणीही वाढवतं," ते म्हणाले,
"आधी चूक कमी कर."

मग अर्धा अर्धा किलो.
पाइप कापून त्यांनीच केलेल्या चकत्या,
प्रत्येकीवर खडूने आकडा.
मला हसू यायचं.
वर्षाअखेरीस वही उघडली, तर बारवर
माझ्या आईएवढं वजन होतं.

गुरुवारी हॉलला कुलूप.
एकदा खिडकीतून शिरले, सापडले.
ओरडले नाहीत. चहा दिला, घरी पाठवलं:
"काल तू स्वतःला फक्त झिजवलंस.
भरून येतेस ती आज, झोपेत."

पुढे लग्न, बेकरीतली रात्रपाळी, दोन मुली.
अकरा वर्षं.
शरीर हिशेबाला चोख,
जे कुणी मागत नाही ते साठवून ठेवत नाही.
तिसऱ्या मजल्यावर पिठाचं पोतं नेताना कळलं.

यंदा मार्चमध्ये वस्तादांचा खुबा मोडला,
बर्फावर नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात.
आता मी दुपारी जाते, पीठ लागलेल्या हातांनी.
व्यायाम एकच: खुर्चीतून उठायचं.
पहिल्या दिवशी तीनदा, आणि भरपूर शिव्या.
"उद्या दहा," ते म्हणाले.
"चार," मी म्हणाले, आणि जुन्या वहीत
तारीख टाकली, आकडा लिहिला.
आधाराला तोच दांडा. हॉलमधून मागून आणलाय.

काल आठ झाले.
आठव्याला गुडघे लटपटले, मिशा थरथरल्या,
पण टाचा जमिनीवर होत्या.
"उद्या नऊ!"
"उद्या गुरुवार."
त्यांनी मान हलवली, जरा जास्तच सहज.
हा माणूस मी ओळखते.
म्हणून जाताना
खुर्ची उचलून घरी घेऊन आले.