दोनदा टिचकी

हेल्दुर सारेमा बेट सोडून लेकीकडे गेला तेव्हा
तीन किल्ल्या, एका डोळ्याने आंधळी दुर्बीण
आणि ही फाइल माझ्या हवाली करून गेला.
"दिवसभरात पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या वाळ्यांचे नंबर
ही तार्तूला पाठवते," म्हणाला. "फक्त चालव."

मी दोनदा टिचकी मारली.
कर्सर क्षणभर गरगरला
आणि साळसूदपणे पुन्हा बाण झाला.

सोमवारी कळलं, तिला परवानगीच नव्हती.
गुणधर्म उघडले, चौकटीत खूण केली.
मग ती चालायचं सोडून
पोथीसारखी पहिल्या ओळीपासून उघडली,
घे, वाच मला.
तेही सेटिंग बदललं.
मग परत काहीच नाही.

त्याच फोल्डरात टर्मिनल उघडून
हाताने नाव टाइप केलं
तर मुकाट्याने चालली, गुणाची.
टिचकीशीच काय ते वाकडं.

आज तिला म्हटलं, जे काय बोलायचंय ते
या एका नोंदीत लिही.
टिचकी मारली, नोंद उघडली:
"वाळे.txt सापडत नाही."
म्हणजे आठवडाभर ती दरवेळी उठत होती,
दरवेळी ओरडत होती,
आणि ओरडायला खिडकीच नव्हती.

हेल्दुरला फोन लावला. मागे टीव्ही, नातवंडं.
"तू उभी कुठे होतीस?"
म्हणजे?
"मी आधी त्या फोल्डरात जायचो. मग म्हणायचो, चल."

पाहिलं तर खरंच, एक टिंब, एक तिरकी रेघ:
इथे.
सोळा वर्षं त्याचं इथे म्हणजे इथेच होतं,
ही शेड, ही जाळी, हा खारा वारा.
टिचकीने ती भलत्याच दारात जागी होते
आणि तिथे इथे शोधत बसते.

सगळ्यात वर एक ओळ घातली:
आधी स्वतः कुठे आहेस ते बघ, तिथे जा,
बाकीचं नंतर.

दोनदा टिचकी.
गेले आकडे.

"किती?" त्याने फोन ठेवलाच नव्हता.
दोनशे सत्त्याऐंशी.
"रॉबिन?"
एकशे चार. आणि एक अजून पिशवीत आहे,
खुंटीला.
वाळा घातलाय, नोंद झालीय,
कापड आतून थडथडतंय.

"अगं, मग माझ्याशी काय बोलत बसलीस," तो म्हणाला,
"सोड की त्याला."