मोरीचं पाणी

उजनीचं पाणी विडी घरकुलात पाचव्या दिवशी,
तेही पहाटे तीनला.
इरण्णा प्लंबर म्हणाला, शॉवर बसवू का, मामा?
म्हटलं, आधी ती गळकी तोटी बघ.

फ्लशच्या टाकीत वाळूची बाटली सोडली.
वाचलेल्या प्रत्येक लिटरची रेघ
राजमणी खडूनं दारावर ओढते.

तेहतीस वर्षं मी मागावर टॉवेल विणले.
कुठल्या कुठल्या हॉटेलांत गेले ते,
जिथे माणसं म्हणे पाण्याखाली नुसती उभी राहतात.
किनार बिघडलेला एक घरी आणला होता,
अजून त्यानंच अंग पुसतो.

मोरीच्या भिंतीला भोक पाडून
पाइप काढला शेवग्याच्या बुंध्याशी.
महिन्याभरात पानं पिवळी.
राजमणीनं साबणाच्या वडीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जणू मीच विष घातलं.
तेव्हापासून रिठे भिजतात.
फेस कमी येतो, केस चिकट राहतात,
खोटं का बोलू.

पण डोक्यावर ओतलेला तांब्या
पुढे कुठे जातो, ते आता ठाऊक असतं.

काल आमटीत शेंगा होत्या.
राजमणी म्हणाली, मीठ जास्त झालंय का?
म्हटलं, माझ्या पाठीचं असेल.