आखूड तार

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
बिश्केकच्या या तळघरात तीस वर्षं मी
सह्या घेऊन यंत्रं देते.
बेगिमायची सही सगळ्यात वाईट.
एजे, ॲनलायझर, फक्त तासभर, म्हणते,
आणि तिचा तास
रखवालदार दिवे मालवायला येईपर्यंत चालतो.

प्रकल्पाचं नाव एवढं लांब की वहीच्या रकान्यात मावेना.
मी लिहिलं: घोडी कुठे आहे.

सुसामिरच्या कुरणात तिच्या मामाच्या घोड्या
उन्हाळाभर मोकळ्या.
गेल्या साली दोन गेल्या,
एक लांडग्याने नेली, एक शेजाऱ्याने.
म्हणून गळ्यात पट्टा, पट्ट्यात डबी,
डबीत बॅटरी आणि सतरा सेंटिमीटर तांब्याची तार,
चारशे तेहतीसवर बोलणारी.

टेबलावर ती झकास बोलली.
पडद्यावरची रेघ सरळ चालत आली
आणि नेमक्या जागी विहिरीत उतरली.
एल्दियारने फोटो काढून आईला पाठवला.
आई म्हणाली, आलेख पडला, आणि तू खूश?
त्याला सांगता येईना:
विहीर जितकी खोल, तितकं कमी परत येतं,
जे परत आलं नाही ते दूर गेलं,
आणि दूर जावं म्हणून तर सगळा खटाटोप.
माझा मुलगा येकातेरिनबुर्गला असतो.
मला लगेच कळलं.

मे महिन्यात मार्शरुत्काने खिंड ओलांडून गेले.
अक-तुयाकच्या मानेला पट्टा बांधला.
शंभर पावलांवर डबी गप्प.
घोडी समोर चरतेय, शेपटीने माश्या वारतेय,
आणि हे दोघं तिला हवेत शोधतायत.
मामा म्हणाला, मला दिसतेय की.
यंत्राला चष्मा लावा.

परतल्यावर चार दिवस प्रोग्रामला शिव्या.
पाचव्या दिवशी बेगिमायने मीठ मागितलं,
आणि सही कुठे करू, असंही विचारलं.
मिठाची वही नाही माझ्याकडे.
कॅनमध्ये पाणी, पाण्यात मीठ,
बाहेरून डबी टेकवली,
आणि विहीर डावीकडे सरकली,
बाकावर कुणी अंग रेटून बसावं तशी.
घोडी म्हणजे शेवटी चालतं खारट पाणी.
तार मोकळ्या हवेसाठी मापलेली;
कुणाच्या मानेला टेकली
की तीच तार लांब ठरते.

मग कातरी. एक मिलिमीटर. पुन्हा एक.
तुकडे नखांसारखे टेबलावर पडत राहिले,
मी झाडले नाहीत.
कॅन बाजूला केला तर आता ती बिघडलेलीच दिसते.
एल्दियारला ते खुपलं,
अहवालात लावायला देखणा आलेख उरला नाही.
बेगिमाय म्हणाली,
अहवाल काय घोडीच्या गळ्यात बांधायचाय?

जूनमध्ये एका संध्याकाळी फोन आला, तुटत तुटत.
उणे एकशे एकवीस, एजे!
टेकडीपलीकडून! सहा किलोमीटर!
एवढ्या बारीक आवाजाला ऐकणं म्हणतात
हे मी त्यांच्याकडूनच शिकले.
काय म्हणतेय ती, मी विचारलं.
पलीकडे जरा वेळ नुसती खरखर.
बॅटरीचा आकडा आला फक्त.
ठिकाण पाठवायची ओळ
लिहायचीच राहिली होती.

मी वही काढली
आणि नावातला 'कुठे' तेवढा खोडला.
ॲनलायझर परत आल्याची सही
अजून बाकी आहे.