डावीकडून तिसरा

सालेहनं बुसानहून पाठवलेली डीव्हीडी
बोटीवरच्या कुणा सोबत्याच्या हाती आली, मोज्यात गुंडाळून.
आत चिठ्ठी: एक तास सदतिसाव्या मिनिटाला बघ.
गोदीवर, डावीकडून तिसरा, पिवळं हेल्मेट, तो मी.
शूटिंगवाल्यांनी दिवसाचे पैसे दिले, वर जेवण.

बघितला. चार सेकंद.
कपाळावरची लहानपणची खोकसुद्धा दिसली.

पण तेत्ता, आमचे वडील, सेलायार बेटावर.
त्यांच्याकडे कराओकेचा जुना व्हीसीडी प्लेअर,
आणि वीज संध्याकाळी सहा ते दहा.

म्हणून मकास्सारच्या भाड्याच्या खोलीत
चुलतभावाचा पेंटियम थ्री,
एका अंगाचा पत्रा काढलेला,
आतड्यांवर टेबलफॅन सोडलेला.
हार्ड डिस्कवर जागा नव्हती.
हस्नाच्या लग्नाचे फोटो आधी सीडीवर काढले,
मग पुसले, मग ती सीडी वाचेना.
हस्नाला अजून सांगितलेलं नाही.

सिनेमा लहान करायचा तर
कॉम्प्युटर एकेक विचारत बसतो, अडत्यासारखा.
आवाज कुठला ठेवू?
खालची अक्षरं कुठल्या भाषेतली?
डीव्हीडीत नऊ होत्या, इथे एकच मावते.
त्या नऊत आमची नव्हतीच.
इंडोनेशियन घेतली. तेत्तांना ती बाजारापुरती येते.

आणि चार ठिपक्यांचा एक ठिपका करायचा,
सबंध सिनेमाभर, दर चौकटीत.
चारांतले तीन जातात कुठं, कुणी सांगत नाही.

बाकी अकरा तास चौदा मिनिटं, असं दाखवायचा.
दात घासून आले तर बाकी तेरा तास.
पहिल्या खेपेस त्र्याऐंशी टक्क्यांवर वीज गेली.
दुसऱ्या खेपेस माणसं आधी बोलायची
आणि मग तोंड उघडायची.
वाया गेलेल्या सीड्या पपईला टांगल्या, पाखरं भितील म्हणून.
पाखरं आपली त्यात तोंड बघून पपई खातात.

तिसऱ्या खेपेस जमलं. पण एका सीडीत मावेना.
कापायचं कुठं?
बाई घराचं दार लावते तिथं कापलं,
म्हणजे सीडी बदलेपर्यंत
दार लागलेलं राहील, कुणाचं अडणार नाही.

मग दुसरी घालून सालेहपाशी थांबवलं.
पिवळा चौकोन. त्याखाली तपकिरी चौकोन.
खोक गेली, नाक गेलं.
तो आहे हे मला ठाऊक, म्हणून तो होता.

फेरीनं गेले. इशाची नमाज आटोपून आठाला
तेत्तांच्या ओसरीवर तीसेक माणसं,
पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली.
पहिलीच सीडी, विसावं मिनिट, मासळीबाजार.
पिवळा रेनकोट घातलेला कुणीतरी खोका ओढत गेला
आणि तेत्ता उभेच राहिले:
तो बघा! सालेह!

मी तोंड उघडलं.
तोवर काका म्हणाले, चाल हुबेहूब.
शेजारीण म्हणाली, वाळलाय पोरगा.
मागे घ्या, पुन्हा लावा.
सात वेळा खोका ओढला त्या माणसानं.
प्लेअर तव्यासारखा तापला.
आठव्यांदा तेत्ता पडद्याला नाक लावून बसले,
जवळ गेलं तसतसा तो माणूस
निव्वळ पिवळा होत गेला,
तरी ते मान हलवत होते, हो, हो, तोच.

बाईनं दार लावलं तेव्हा दहाला पाच कमी.
मी दुसरी सीडी घातली. दार उघडलं.
अंधार.

रविवारी बंदरावरच्या टेलिफोनवर सालेह, काओश्युंगहून:
ओळखलंत का मला?
लगेच, तेत्ता म्हणाले. जड खोके ओढत जाऊ नकोस.
तिकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.
मग तो म्हणाला, बरं.

मी शेजारी उभी,
दुसऱ्या सीडीच्या भोकात बोट घालून
ती गरागरा फिरवत.