पत्ता लागेना

मोठे लोक म्हणतात संशोधन.
माझ्या वाट्याला त्यातला नुसता शोध आला.

वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं:
शून्य एक चार सात. बाराव्या महिन्याची फेरी चुकली.
पत्ता: चर्चच्या मागं, निळा पत्रा,
जुळ्यांची आई म्हणून विचारा.

विचारते. पण काय विचारायचं, ते आधी ठरवावं लागतं.
दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही,
आजाराचं तर नाहीच.
पिशवीत वरच्या बाजूला साबणाच्या वड्या ठेवते,
म्हणजे दारातली सासू फक्त भाव विचारते.
तीन वर्षांत इतका साबण विकलाय
की किसुमूच्या ठोक दुकानदारानं मला कॅलेंडर दिलं.

एकोणनव्वद नंबरचा पत्ता लागला होता. अगदी बरोबर.
अंगणात भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या.

निळा पत्रा आहे. खाली दुसरंच बिऱ्हाड.
"रिस्पर? ती मासळीमागं गेली. बेटावर."

होडीच्या पंख्यात जलपर्णी अडकली, अर्धा तास गेला.
तेवढ्यात आठवलं, पहिल्या दिवशी कशी बसली होती,
चपला काढून, पाय खुर्चीखाली ओढून.
आम्ही सांगत होतो:
रोजची गोळी त्या एका विषाणूला निजवून ठेवते,
पण त्यानं उघडी टाकलेल्या दारातून
दुसरा एक येतो, गर्भाशयाच्या तोंडाशी ठाण मांडतो,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा, वर्षानुवर्षं.
व्हिनेगरचा बोळा लावला की त्याची जागा पांढरी उमटते.
ती जागा शेकून जाळावी की तारेनं कापावी,
तुमच्यासारख्या बायकांना काय जास्त टिकतं,
ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून ही बंद पाकिटं.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकता."
हो.
"डॉक्टरांनाही माहीत नाही?"
नाही.
"मग चालेल. माहीत असलेल्यांनीच मला फार फसवलंय."
आणि सही केली. आपोंडी मधला ओकार गोल, मोठा, माशाच्या डोळ्यासारखा.

बेटावर ती जाळ्यांवर ओमेना उलथत होती.
बोटाएवढे मासे, चांदीचा चुरा सांडावा तसे.
मान वर न करता म्हणाली, साबण नको.
साबण नाही, मी आहे.
"मला काही दुखत नाही आता."
म्हणूनच आले. दुखायला लागल्यावर यायला
दुसरे लोक असतात.

तिनं आभाळाकडं पाहिलं. ढग.
मासे भिजले तर आठवडा बुडाला.
मग मीही पदर खोचावा तशी लेसो खोचली
आणि चार वाजेपर्यंत मासे उलथले.
अजून हाताला वास आहे.

मग ती काडी घेऊन बोरूच्या आडोशाला गेली.
परत आली ती कुपी दोन्ही तळव्यांत धरून,
अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू धरावं तशी.

"जिंकतंय कोण? जाळणं की कापणं?"
अजून मोजताहेत.
"मी नसते तर मोजलं नसतं?"
मोजलं असतं. तू हरवलेल्यांत गेली असतीस.
हरवलेल्यांचा वेगळा रकाना असतो.
"हरवले कुठं? मी तर इथंच होते.
हरवली तुमची वही."

यावर मला उत्तर नव्हतं, अजून नाही.
दवाखान्यात यायची तारीख घेतली तिनं, मंगळवार,
मासळी पाहून, असं म्हणाली.

परतीच्या होडीत अंधार. मांडीवर बर्फाची पेटी,
तिच्यात एकच कुपी. काय निघेल, कोण जाणे.
नऊला माझा गजर वाजला.
त्याच क्षणी नावाड्याच्या खिशातही काहीतरी वाजलं.
आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही.
त्यानं सुकाणू गुडघ्यानं धरलं,
मी माझी बाटली त्याच्याकडं सरकवली.

घरी रबरानं एक शब्द खोडला. कागद जरा खरवडला.
उद्या शून्य दोन शून्य तीन.
पत्ता: मोठ्या आंब्यापाशी विचारा.
तो आंबा गेल्या वर्षीच तोडलाय.