बिल अजून तातोबांच्या नावे

विट्यात आमच्या घराच्या मधोमध नऊ इंची भिंत उभी राहिली
त्या वर्षी माग वाटले गेले, चार इकडं, चार तिकडं.
हौद कापता येईना, म्हणून त्याला तोट्या दोन बसवल्या.
टेलिफोन मात्र कुणाच्या लक्षातच आला नाही.
तो राहिला आमच्या बाजूच्या कोनाड्यात, मामंजींच्या नावावर,
आणि शेजारी ब्रॉडबँडचा डबा:
तीन हिरवे दिवे, एक लाल.

दोन वर्षांनी एका दुपारी धाकट्या जाऊबाईंची तेजल
परसात येऊन म्हणाली,
"मोठी आई, तुमचं नेट आम्हाला मिळेल का?
वायर मी आणलीय."
वीस मीटर, सांगलीहून, निळी.
दोन्ही टोकांना पारदर्शक दात.

मी एमएससीआयटी झालेली बाई.
सुताच्या पेट्या, मजुरी, उचल, सगळं संगणकात उतरवते;
मला तेवढंच येतं, असं घरात समजतात.
म्हटलं, मिळेल की.

सिकंदर जॉबरनं ड्रिल आणलं, मागांच्या सुट्टीदिवशी.
"शेठना विचारलंय का?"
म्हटलं, भिंत दोघांची आहे. भोक माझं.

आमचा संगणक जुना. विंडोज चोरीची,
सीडीवर स्केचपेननं नाव लिहिलेली.
पंखा असा घरघरतो की माग बंद असले तरी वाटावं,
कुणीतरी विणतंय.
तेजलचा पांढरा मॅक, इस्लामपूरच्या एका फोटोग्राफरनं वापरून सोडलेला,
पाठीवर उष्टं सफरचंद;
ती त्यावर साड्यांचे काठ काढते.
आणि आमचा श्रेयस सुट्टीला आला की त्याच्या लॅपटॉपातला पेंग्विन,
काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
माऊसला हातसुद्धा लावत नाही पोरगा.
फाइलचा रस्ता सांगताना
आमच्याची तिरकी रेघ डावीकडं झुकते,
त्या दोघांची उजवीकडं.
एवढ्याशा रेघेवरून ओळख दाखवत नाहीत एकमेकांना.

पहिल्या दिवशी काहीच चालेना.
शोधून शोधून कळलं,
आमच्या संगणकानं आणि तेजलच्या मॅकनं
एकच नंबर धरून ठेवलेला:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, दोन.
दोघंही म्हणतायत, हा माझा.
मला हसू आलं आणि मग आलं नाही.

दोघांनाही नंबर सोडायला लावला.
म्हटलं, आता डबा देईल तो घ्या.
डब्यानं वाटणी केली क्षणात. दोन. तीन.
श्रेयस आला तेव्हा चार.
पंच नाहीत, स्टॅम्पपेपर नाही,
आणि कुणी उठून गेलं तर त्याचा नंबर थोडा वेळ राखून ठेवायचा,
ही रीतसुद्धा त्याला ठाऊक.

उंबऱ्याबाहेर मात्र सगळ्यांचा नंबर एकच.
तिथं कुणाला भिंत माहीत नाही,
कुणाचा काठ, कुणाची उचल माहीत नाही.
जुन्या रेशनकार्डासारखं:
वर एक नाव, आत खाणारी तोंडं कितीही.
बिल येतं, श्री. तातोबा गणपती चोथे.
कळफलकाला त्यांनी कधी बोट लावलं नाही.
त्यांचा हात सांधणीत;
तुटलेलं टोक अंधारातसुद्धा सापडायचं त्यांना.

हे सगळं आमच्याकडं मालकांना ठाऊक नव्हतं,
किंवा निळी वायर त्यांना दिसत होती
आणि ते बोलत नव्हते. मी विचारलं नाही.

परवा रात्री साडेनऊला वीज येऊन-जाऊन झाली
आणि भिंतीपलीकडनं शिवदासभावजींचा आवाज आला,
कितीतरी दिवसांनी इतका जवळून:
"वहिनी, नेट गेलं का?"

मी पोळी तव्यावर टाकलेली. हात पिठाचे.
हे वहीत बघत बसलेले. मान वर केली नाही.
बराच वेळ काहीच नाही.
मग उठले, कोनाड्यापाशी गेले,
चष्मा कपाळावर सारून डब्याकडं बघितलं
आणि मला म्हणाले,
भोकातून पलीकडं जाईल एवढ्या मोठ्यानं,
"सांग त्याला, लाल लागलाय.
बंद करून परत लावतोय म्हणावं.
थांब जरा."