फैजपूर, हळदीची रात्र

बटण दाबलं. अंधार तसाच.
सेल बदलले, चारही नवे.
हॉट शूचे ठिपके खोडरबराने घासले,
फ्लॅश काढला, पुन्हा सरकवला
कट् होईस्तोवर.
टेस्टचं बटण दाबलं की मात्र लख्ख.
म्हणजे जीव आहे,
कॅमेऱ्याशीच अबोला.

"आवर ना रे भो, हयद वायून राह्यली,"
नवरीची मावशी.

मेनूत खाली खाली उतरताना सापडलं:
सायलेंट शटर, चालू.
परवा लोटनअण्णाच्या दहाव्याला, तापीकाठी,
पिंडाला कावळा शिवेना,
आणि शिवायला आला तेव्हा
खट् आवाजाने उडू नये म्हणून
मीच लावलेलं.

बंद केलं.
मांडव उजळला एकदम,
नवरीने डोळे मिटले.
अजून एक काढू, म्हणालो.